लहान मुलांना घेऊन शांत उपनगरात राहायला जावे का? अनुभवी मंडळींशी बोलायचे आहे

उंबरठा

नमस्कार मंडळी. गेले चार महिने मुले झोपली की आमच्या घरात रोज रात्री एकच विषय निघतो, आणि रोज तो अर्धवट राहतो. मुलगी चार वर्षांची आहे आणि मुलगा दीड वर्षाचा. आम्ही दोघेही नोकरी करतो. सध्याचे भाड्याचे घर शहराच्या मध्यभागी, मोठ्या रस्त्याला लागून आणि दोनच खोल्यांचे आहे. माझे कार्यालय तिथून पंधरा मिनिटांवर आहे, नवऱ्याचे पंचवीस मिनिटांवर. आता शहराच्या हद्दीपलीकडच्या एका शांत वसाहतीत जवळपास तेवढ्याच मासिक खर्चात दीडपट मोठे, पुढे अंगण असलेले घर मिळते आहे. मात्र तिथून कामावर पोहोचायला दोघांनाही साधारण एक तास लागेल.

हा विचार कुठून सुरू झाला ते सांगते. इमारतीतून बाहेर पडताना माझी मुलगी फाटक यायच्या आधीच दोन्ही तळवे कानांवर दाबून धरते. तिला हे कोणी शिकवलेले नाही. एके सकाळी एका हाताने तिने माझे बोट धरले होते आणि दुसऱ्या हातात तिची पिशवी होती, तेव्हा ती एक कान खांद्याला घट्ट टेकवून, मान वाकडी करून तशीच चालत राहिली. ते पाहिल्या दिवसापासून माझे मन या घरातून उठले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली युरोपसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा आवाज सरासरी 45 डेसिबलच्या खाली असावा, अशी शिफारस आहे. फोनवरचे मोजमाप काटेकोर नसते आणि ही सरासरी पूर्ण रात्रीची असते, हे दोन्ही मला मान्य आहे. पण मुलांच्या खोलीच्या उघड्या खिडकीशी रात्री अकरा वाजता फोनवर 68 हा आकडा दिसला, तेव्हा मी खिडकी लावून घेतली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.

नवऱ्याचे म्हणणेही मला खोडून काढता येत नाही. तो आज साडेसहाला घरी येतो, मुलाला आंघोळ घालतो, मुलीला गोष्ट सांगतो आणि आठ वाजता दोघांना झोपवतो. नव्या घरी पोहोचायला त्याला सव्वासात तरी होतील. मग त्या मोठ्या घरात आणि त्या अंगणात मुलांबरोबर असणार कोण, असा त्याचा प्रश्न आहे.

जे असे राहायला गेले, जे जाऊन परत आले आणि ज्यांचे बालपणच अशा वसाहतीत गेले, अशा तिघांनीही लिहावे ही विनंती. घराच्या किमतीचे आणि कर्जाचे गणित आम्ही करू शकतो. आम्हाला तिथला दिवस कसा जातो ते समजून घ्यायचे आहे.

पायवाट

उंबरठा, आम्ही सहा वर्षांपूर्वी गेलो. मोठा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता, धाकटा इथलाच. परत जाण्याचा विचार एकदाही मनात आला नाही. पण आम्ही जे शोधत आलो आणि आम्हाला जे मिळाले, त्यांत पुष्कळ अंतर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची गल्ली पुढे बंद आहे. तिच्यात अकरा घरे आहेत आणि त्या अकरा घरांत ज्यांचे काम आहे तेवढीच वाहने आत येतात. मुलांनी रस्त्यावर खडूने आखलेले खेळाचे चौकोन तीन-तीन दिवस पुसले जात नाहीत. संध्याकाळी पाच-सहा मुले बाहेर असतात आणि कोणत्या ना कोणत्या घरातले मोठे माणूस पायरीवर बसलेले असते. आमच्या ओळखी अशा पायरीवर झाल्या. आता आमच्यापासून तिसरी गल्ली घ्या. वसाहत तीच, घरे तशीच, झाडे तेवढीच. पण ती गल्ली दोन्ही बाजूंनी मोकळी आहे आणि मुख्य रस्त्यावरची गर्दी चुकवायला लोक तिच्यातून भरधाव निघून जातात. तिथले एकही मूल मी आजवर फाटकाबाहेर खेळताना पाहिलेले नाही. दोन्ही गल्ल्या 'शांत उपनगर' याच नावाखाली विकल्या गेल्या आहेत.

डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या नगररचनाकाराने 1969 साली सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता. रस्ते एकमेकांसारखेच होते, फरक वाहनांचा होता: एकावरून दिवसाला सुमारे 2,000, दुसऱ्यावरून 8,000 आणि तिसऱ्यावरून 16,000 वाहने जात. कमी रहदारीच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, आणि सर्वाधिक रहदारीच्या रस्त्यावर एकसुद्धा पुरता नव्हता, सरासरी 0.9 निघाली. हे तिन्ही रस्ते भर शहरातले होते, हे लक्षात घ्या. म्हणून माझे सांगणे असे की वसाहतीचे नाव आणि घराचे क्षेत्रफळ बाजूला ठेवून आधी गल्ली पाहा. वाहनांचा वेगही पाहा. कोरड्या रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरने येणारी मोटार चालकाला मूल दिसल्यापासून साधारण 13 मीटरमध्ये थांबते; ताशी 50 असेल तर तिला त्याच्या दुपटीहून अधिक अंतर लागते. चार वर्षांच्या मुलीचा चेंडू रस्त्यावर गेला की सगळे काही या फरकावर येऊन ठेपते.

एक गोष्ट लपवणे योग्य होणार नाही. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो. तसे नसते तर मी हा प्रतिसाद इतक्या समाधानाने लिहिला असता का, याची खात्री देता येत नाही.

मोजपट्टी

प्रवासाचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही, म्हणून मी मांडतो. उंबरठा, तुम्हाला आज जायला पंधरा मिनिटे लागतात आणि नवऱ्याला पंचवीस. पुढे दोघांनाही साठ लागतील. म्हणजे जाऊन-येऊन तुमची दिवसाची नव्वद मिनिटे वाढली आणि त्यांची सत्तर, दोघांची मिळून 160. वर्षातले कामाचे दिवस 220 धरले तर हे 586 तास होतात. आठ तासांचा एक दिवस धरला तर कामाचे 73 दिवस. मुले लहान आहेत तोवरची पाच वर्षे धरा, म्हणजे वर्षभराहून जास्त दिवस रस्त्यावर गेले.

ब्रुनो फ्राय आणि आलोइस श्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या हजारो कुटुंबांच्या, वर्षानुवर्षे गोळा होत आलेल्या माहितीवरून नेमका हाच प्रश्न तपासला होता. अर्थशास्त्राचा साधा अंदाज असा की माणूस लांबचा प्रवास पत्करतो तो मोठ्या घरासाठी किंवा चांगल्या पगारासाठी, तेव्हा एकूण समाधान बरोबरीतच राहायला हवे. प्रत्यक्षात जितका प्रवास लांब तितके आयुष्याविषयीचे समाधान कमी आढळले. घराने किंवा पगाराने ती तूट भरून निघत नव्हती. मला याचे कारण समजण्यासारखे वाटते. नव्या खोलीची आपल्याला दोन महिन्यांत सवय होते आणि तिच्याकडे लक्षही जात नाही. रस्त्यावरची कोंडी मात्र रोज नव्या जागी होते, त्यामुळे तिची सवय होत नाही.

घर पाहायला बहुतेक लोक रविवारी जातात आणि रिकामा रस्ता पाहून परततात. कामाच्या दिवशी सकाळी त्या घरापासून तुमच्या कार्यालयापर्यंत एकदा येऊन पाहा, आणि संध्याकाळी तिकडे परत जा. दोघेही जा. प्रवास रेल्वेचा असेल तर त्या तासात बसायला जागा मिळते का तेही पाहा, कारण बसून वाचत गेलेला तास आणि गाडीचे चाक धरून गेलेला तास सारखे नसतात.

परतीची_वाट

मी तुमच्या दुसऱ्या वर्गातली आहे. आम्ही गेलो आणि अडीच वर्षांनी परत आलो. कोणाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. आमची चूक कुठे झाली ते मला फार उशिरा कळले, म्हणून लिहिते आहे.

गेलो तेव्हा मूल आठ महिन्यांचे होते आणि आम्ही दोघेही कामावर जात होतो. तिसऱ्याच आठवड्यात सकाळी अकरा वाजता पाळणाघरातून फोन आला की मुलाला ताप चढला आहे, लगेच न्यायला या. मी तास-सव्वा तासाच्या अंतरावर होते आणि नवराही. मी पोहोचले तेव्हा तिथल्या बाई त्याला खांद्यावर घेऊन दारातच उभ्या होत्या. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण त्यांची तिथे उभे राहण्याची तऱ्हा मी विसरू शकले नाही. त्या महिन्यात असे तीनदा झाले. लहान मुले पाळणाघरात जाऊ लागली की सुरुवातीला सारखी आजारी पडतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. पण ते सांगणे आम्ही घराच्या अंतराशी जोडून पाहिलेच नव्हते.

मग दोघांपैकी एकाने जवळ असायला हवे असे ठरले. प्रत्यक्षात ते कोणी ठरवले नाही, ते होत गेले. आधी मी कामाचे तास कमी केले, नंतर रजा घेतली आणि शेवटी नोकरी सोडली. माझा पगार कमी होता, त्यामुळे त्या वेळी ते शहाणपणाचे वाटले. ज्या शांततेसाठी आम्ही गेलो होतो ती दुपारी दोन वाजता कशी असते, हे मला त्यानंतर कळले. मूल झोपलेले असे, गल्लीतल्या सगळ्या घरांना कुलपे असत आणि मला स्वयंपाकघरातला फ्रिज सुरू झाल्याचा आणि बंद पडल्याचा आवाज ऐकू येई. दिवसभरात मोठ्या माणसाशी एक वाक्य बोलायला मिळावे म्हणून मी सामान पोहोचवायला आलेल्या मुलाला दारात थांबवून रस्त्याची चौकशी करत असे. शहरात आमचे घर याच्या निम्म्याने होते, पण जिन्यात भेटणारी चार माणसे होती. त्यांची किंमत मला ती नसताना कळली.

वाईट वसाहत होती असे मी म्हणणार नाही. तिथे सुखाने राहणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या जवळपास प्रत्येक घरात कोणीतरी दिवसा घरी असे किंवा जवळपास कामाला असे. म्हणून माझा एवढाच प्रश्न आहे: सकाळी अकरा वाजता फोन आला तर कोण जाईल आणि किती वेळात पोहोचेल? याचे उत्तर जाण्याआधी, तुम्हा दोघांच्या तोंडून, नाव घेऊन यायला हवे. 'बघू तेव्हा' हे उत्तर शेवटी घरातल्या बाईच्या नोकरीवर येऊन थांबते.

नकाशा

परतीची_वाट यांचा अनुभव वाचून अंगावर काटा आला. मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे थोडे मागे जाऊन एक मुद्दा मांडतो. धागा भरकटू देणार नाही.

शहराची सोय आणि गावाची हवा एकत्र मिळावी, ही कल्पना एबेनेझर हॉवर्ड या इंग्रज गृहस्थांनी 1898 साली व्यवस्थित मांडली. त्यांच्या उद्यान-नगरात सुमारे 32,000 माणसे राहायची होती, भोवती शेती असायची होती, आणि मुख्य म्हणजे कारखाने, दुकाने आणि शाळा तिथेच असायच्या होत्या. 1903 साली लेचवर्थ हे नगर त्याच धर्तीवर सुरू झाले. पुढे जगभर त्या कल्पनेतली झाडे आणि अंगणे उचलली गेली, कामाच्या जागा मात्र शहरातच राहिल्या. त्यामुळे आज ज्याला शांत उपनगर म्हटले जाते ते पुष्कळदा फक्त झोपण्याचे ठिकाण असते आणि दिवसा ते रिकामे होते. परतीची_वाट यांनी ऐकलेली शांतता ती हीच.

सगळी उपनगरे अशी नसतात. काहींना स्वतःचा चौक असतो, दवाखाना असतो, चालत जाण्याजोगी शाळा असते आणि दिवसा माणसे रस्त्यावर दिसतात. घराच्या दारातून निघून पंधरा मिनिटे चालल्यावर तुम्ही कुठे पोहोचता, हे चारही दिशांना चालून पाहा. नकाशावर सरळ रेषेत शाळा पाचशे मीटरवर दिसते, पण मधली भिंत आणि वळणे धरता रस्ता दीड किलोमीटरचा निघतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

मुलांच्या वयाबद्दलही थोडे. अमेरिकेत 1994 साली सुरू झालेल्या एका मोठ्या प्रयोगात अतिशय गरीब वस्त्यांमधल्या कुटुंबांना बऱ्या वस्तीत भाड्याने राहण्यासाठी साहाय्य देण्यात आले होते. राज चेट्टी, नेथॅनियल हेंड्रन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी पुढे त्या मुलांचा माग काढला, तेव्हा तेराव्या वर्षाच्या आत हललेल्या मुलांचे पंचविशीतले उत्पन्न न हललेल्यांपेक्षा 31 टक्क्यांनी अधिक निघाले, आणि त्याहून मोठ्या वयात हललेल्यांना फायदा झाला नाही, उलट थोडे नुकसानच झाले. ती कुटुंबे हलाखीतून बाहेर पडत होती, तुमचे तसे नाही, त्यामुळे उत्पन्नाचा आकडा इथे लावता येणार नाही. जागा बदलण्याची किंमत मोठ्या मुलांना जास्त मोजावी लागते, एवढे मात्र त्यातून घेण्यासारखे आहे. तुमची मुले चार आणि दीड वर्षांची आहेत. तुमच्या हातात वेळ आहे. याच महिन्यात हो किंवा नाही म्हणण्याची सक्ती कोणी केलेली नाही.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. परतीची_वाट, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला आणि वाचता वाचता थांबले, कारण अकराच्या फोनचे उत्तर आमच्याकडे नव्हते. दोघांनीही एकदमच 'मी जाईन' असे म्हटले. मग कसे जाणार ते सांगायची वेळ आली आणि दोघेही गप्प झालो.

मोजपट्टी, तुमचे ऐकून आम्ही बुधवारी रजा टाकून त्या घरापाशी गेलो आणि सकाळी आठला तिथून निघालो. माझ्या कार्यालयापर्यंत एक तास वीस मिनिटे लागली, संध्याकाळी परतताना एक तास पाच. मधल्या वेळेत त्या वसाहतीत आम्ही नकाशा यांनी सांगितल्याप्रमाणे चारही दिशांना चाललो. दोन दिशांना पदपथच नाही. एका दिशेला सुंदर बाग आहे, मोठी झाडे आहेत आणि आत गेल्यावर खरोखर पानांचा आवाज ऐकू येतो. खोटे कशाला सांगू, तिथे बाकावर बसल्यावर मला वाटले की सगळे हिशेब बाजूला ठेवावेत आणि इथेच यावे. त्या बागेत त्या वेळी आम्हा दोघांखेरीज कोणीही नव्हते.

मुले थोडी मोठी झाल्यावर काय होते, ते कोणी सांगेल का? आम्ही दोघेही शहरात वाढलो, त्यामुळे ते डोळ्यांपुढे येत नाही.

सायकलची_घंटा

मी अशाच वसाहतीत वाढलो, वयाच्या चौथ्या वर्षापासून अठराव्यापर्यंत. दहा वर्षांपर्यंतचे दिवस आठवले की आजही उर भरून येतो. शाळेतून आलो की दप्तर टाकून जे बाहेर पडायचो ते दिवेलागणीलाच परत. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी भरपूर हालचाल करावी, असे आता जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्हाला ते कोणी सांगावे लागले नाही. डोळ्यांचेही तसेच. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतल्या सहा-सात वर्षांच्या मुलांवर तीन वर्षे अभ्यास झाला. ज्या शाळांत रोज चाळीस मिनिटे जादा वेळ मुलांना बाहेर उजेडात नेले, तिथे 30.4 टक्के मुलांना लांबचे अंधूक दिसू लागले, आणि बाकीच्या शाळांत 39.5 टक्के मुलांना. तेव्हा मोकळ्या जागेची तुमची ओढ अगदी योग्य आहे, ती सोडू नका.

पण बाराव्या वर्षी सगळे बदलले. वाचनालय चार किलोमीटरवर होते, पोहण्याचा तलाव सहा किलोमीटरवर, जिवलग मित्र दुसऱ्या वसाहतीत, आणि मध्ये पदपथ नसलेला रुंद रस्ता. शेवटची बस संध्याकाळी सातला सुटायची. मग प्रत्येक इच्छेपुढे 'मला कोण नेईल?' हा प्रश्न आला. आई थकून यायची आणि मी दारात उभा असायचो. ती कधी नाही म्हणाली नाही. गाडीची किल्ली पुन्हा हातात घेताना ती क्षणभर डोळे मिटायची, ते मला दिसायचे. म्हणून हळूहळू मीच विचारणे सोडले आणि खोलीत बसू लागलो. आई-बाबांना वाटले की मुलगा वाचनात रमला आहे.

मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केलेल्या पाहणीत 1971 साली सात-आठ वर्षांची 80 टक्के मुले शाळेत मोठ्या माणसाविना जात होती. 1990 साली ते प्रमाण 9 टक्क्यांवर आले. रस्ता मुलांसाठी बंद झाला की मुलांची ने-आण हे आई-वडिलांचे दुसरे काम होऊन बसते. घर निवडताना तुमची मुलगी दहा वर्षांची झाली आहे असे समजा आणि ती एकटी कुठे-कुठे जाऊ शकेल ते मोजा. एक जरी जागा निघाली तरी पुष्कळ आहे. एकही निघाली नाही, तर आजचे अंगण तिला पाच-सहा वर्षेच पुरेल.

जुने_झाड

मी वयाने तुम्हा सर्वांपेक्षा बरीच मोठी आहे आणि इथे क्वचितच लिहिते. उंबरठा, तुम्ही घराविषयी, प्रवासाविषयी, मुलांविषयी सगळे लिहिले आहे. मुलांचे आजी-आजोबा कुठे राहतात ते मात्र कुठेच आलेले नाही. कोणी जवळ असेल तर त्यांनाही या हिशेबात धरा, आणि त्यांना विचारून धरा. माझ्या मुलाने घर बदलताना मला शेवटी सांगितले. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता, पण नातवाला रोज संध्याकाळी पाहायची माझी सवय होती आणि ती मोडायला मला वर्ष लागले.

उंबरठा

जुने_झाड, तुमचा प्रतिसाद वाचून मी स्वतःवरच चकित झाले. माझी आई आमच्या सध्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर राहते. आठवड्यातून दोनदा तीच मुलीला शाळेतून घरी आणते. मागच्या महिन्यात मुलाला जुलाब झाले तेव्हा आम्ही पोहोचेपर्यंत तीच त्याच्यापाशी होती. अकराच्या फोनचे आमच्याकडचे उत्तर आजवर तीच आहे, आणि चार महिने आम्ही इतकी चर्चा केली त्यात तिचे नाव एकदाही आले नाही. काल तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "तुम्ही जा, मी येत जाईन." मग थोड्या वेळाने तिने विचारले की तिकडे जाणारी बस कुठून सुटते.

आम्ही ते घर सोडून दिले आहे. नवऱ्याला हायसे वाटले. मला वाईट वाटते आहे आणि ते मी त्याच्यापासून लपवलेले नाही. पायवाट, तुमच्या खडूच्या चौकोनांवरून आम्हाला वेगळाच शोध सुचला. आईच्या घराच्या पलीकडे, मुख्य रस्त्यापासून चार वळणे आत, एका बंद गल्लीत भाड्याचे घर आहे. खोल्या दोनच आहेत आणि अंगण नाही. माझा प्रवास सात-आठ मिनिटांनी वाढेल, नवऱ्याचा तेवढाच राहील आणि आईचे घर सहा मिनिटांवर येईल. दोन वर्षांसाठी घ्यावे आणि मुलगा शाळेत जायच्या आधी उपनगराचा विचार पुन्हा काढावा, तोवर नवऱ्याला घरून काम करण्याची मुभा मिळते का तेही स्पष्ट होईल, असे आमचे मत झाले आहे.

परवा दुपारी मुलीला घेऊन तिथे गेले. तिने नेहमीप्रमाणे कान झाकले होते. पहिल्या वळणावर हात तसेच होते, दुसऱ्यावरही. गल्लीच्या तोंडाशी एक हात खाली आला आणि दुसरा बराच पुढे गेल्यावर, एका घराच्या पायरीवर मांजर बसले होते तिथे.

पायवाट

उंबरठा, मी तुमच्या जागी असतो तर कदाचित तरीही बाहेर पडलो असतो. सकाळी दारात उभे राहून आभाळ दिसणे ही माझ्यासाठी लहान गोष्ट नाही, आणि दोन वर्षांनी मुलांचे वय तेच राहणार नाही. पण आईचा बसचा प्रश्न वाचल्यावर तुमचा निर्णय मला पटला. एकच विनंती: करारावर सही करण्याआधी त्या गल्लीत रात्री साडेनऊनंतर एकदा जा आणि मुलांच्या खोलीची खिडकी उघडून पंधरा मिनिटे बसा. आमच्या पहिल्या घरामागे एक मालवाहू वाहनांचा तळ होता, तो आम्हाला दुपारी कधीच ऐकू आला नव्हता.

उंबरठा

हे अजिबात सुचले नव्हते. घरमालकांना आत्ताच फोन केला, ते खोली उघडून देणार आहेत. उद्या मुले झोपली की आई इथे येऊन बसेल आणि आम्ही दोघे जाऊन येतो.